तपासले, ठीक आढळले

भीमराव तायडेंची अँबॅसेडर त्याच जागी तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा रस्त्याकडेला पेरू विकणारी बाई म्हणाली, “आज देर कर दी, बाबूजी.”

रोजचं गिऱ्हाईक उशिरा आल्यावर बोलावं तशी ती बोलली. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच जास्त लागलं. टोमण्याला उत्तर देता येतं. भीमरावांनी मुकाट्यानं बॉनेट उघडलं, पान्यानं फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि हाताचा पंप दाबला. डिझेल येईना. बुडबुडे आले असते तर लाइनीत हवा शिरते असं म्हणता आलं असतं. तेही नव्हते. मागच्या टाकीत काठोकाठ डिझेल भरलेलं, आणि पुढं इंजिन तहानेनं मेलेलं.

मग नेहमीप्रमाणे ते अर्धा तास दगडावर बसले, दोन पेरू खाल्ले, पुन्हा पंप दाबला. डिझेल आलं. इंजिन सुरू झालं. कानोत्याचा बांध तिथून चार-पाच किलोमीटरच होता, पण पुढं जायची हिंमत होईना. गाडी वळवून ते कण्हत कण्हत जयपूरच्या मालवीय नगरला परत आले. पेरूवालीनं मागून हात हलवून निरोप दिला.

हा प्रकार दुसऱ्या कोणाच्या बाबतीत घडला असता तर त्यावर कथा लिहायचं कारण नव्हतं. जुन्या गाड्या बंद पडतातच. पण भीमराव तायडे म्हणजे रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये चौतीस वर्षं फ्युएल पंप सेक्शनला काढलेला माणूस. सव्वीसशे घोड्यांची इंजिनं त्यांच्या हाताखालून गेली होती. इंजेक्टरमधून डिझेलचा फवारा कसा उडतो हे ते नुसत्या आवाजावरून सांगत. शेडमध्ये नवा साहेब आला की त्याला आधी त्यांच्याकडं पाठवत, आणि दोन दिवसांत साहेबाचा आवाज खाली येई. अशा माणसाला जेमतेम चाळीस घोड्यांच्या मोटारीनं, तेही पेरूवालीसमोर, मान खाली घालायला लावावी?

शिवाय प्रश्न नुसत्या मानाचा नव्हता. बायको भीमाबाई जाऊन चौदा महिने झाले होते. मुलगा संकल्प पुण्यात होता. तो दर रविवारी चार मिनिटं फोन करायचा, त्यातली तीन मिनिटं बीपीच्या गोळीत जायची. उरलेल्या एका मिनिटात तो म्हणायचा, “बाबा, आता एकटं राहू नका. इकडं या.” सून सोनमही मागून म्हणायची, “बाबा, खरंच या.” माणसं चांगली होती. पण त्यांच्या दहाव्या मजल्यावर भीमरावांना करायला काय होतं? तिथं लिफ्टसुद्धा बिघडत नव्हती.

जानेवारीत विषय निघाला तो गाडीच्या नोंदणीचा. अँबॅसेडर शहाण्णव सालची. दर पाच वर्षांनी तिची फिटनेसची तपासणी करून नोंदणी पुढं न्यावी लागे. या खेपेची मुदत सत्तावीस मार्च.

“बाबा, कशाला तो खटाटोप? स्क्रॅपला देऊन टाका.”

“पास होईल ते.”

“नाही झाली तर?”

भीमराव पंप सेक्शनच्या तोऱ्यात बोलून गेले, “नाई झाली तर गाडी भंगारात अन् मी पुण्यात. झाली तर पुन्हा हा विषय काढायचा नाई.”

“नक्की?”

“लिहून देऊ काय?”

लिहून देण्याची त्यांना हौसच होती. ते रेल्वेत लागले तेव्हा अंगठा उठवत. बत्तिसाव्या वर्षी साहेबानं सांगितलं, फिटर व्हायचं तर दुरुस्तीच्या वहीत स्वतःच्या हातानं लिहावं लागेल. तेव्हा ते अक्षरं शिकले. उशिरा शिकलेल्या माणसाला लिहिलेल्या शब्दाचा फार धाक असतो. शेडमध्ये नियम असा की ड्रायव्हरनं तक्रार वहीत लिहायची. तोंडी तक्रार चालत नाही. फिटरनं तपासून कारण लिहायचं, दुरुस्ती लिहायची, सही करायची. मग तक्रार करणाऱ्यानं काम पाहून शेवटच्या रकान्यात सही करायची. ती सही झाली की तक्रार बंद. तोवर उघडी.

जुनी घेतलेली ही गाडी घरी आली तेव्हा भीमरावांनी हाच नियम घरात लावला. भीमाबाई म्हणाली, “अवो, तुमची गाडी गचके देते.”

“लिहून दे.”

“मले कुठं लिहिता येते?”

“मंग शीक.”

आणि भीमाबाई पन्नाशी ओलांडल्यावर अक्षरं शिकली, ती केवळ नवऱ्याच्या गाडीविरुद्ध तक्रार करता यावी म्हणून. इतक्या पक्क्या कारणासाठी फार थोडी माणसं शिकत असतील. तीन महिन्यांत तिनं पहिली तक्रार लिहिली: ‘गाडी गचके देते. चालवनाराचा दोष आहे का पाहावे.’ भीमरावांनी तपासून खाली लिहिलं: ‘चालवणारा तपासला, ठीक आढळला.’ तिनं शेवटच्या रकान्यात सही केली, पण आधी पोटभर हसून घेतलं.

तर ही वही आता टीव्हीशेजारी पडून होती. तिच्यात चौदा महिन्यांत एक ओळ पडली नव्हती. तक्रार करणारं माणूसच नव्हतं.

तिसऱ्या फजितीनंतर भीमरावांनी दारात गाडी लावून बॉनेट उघडलं, आणि गल्ली जमली. हा एक चमत्कारच होता. बॉनेट बंद असताना त्या दारात पेपरवाल्याखेरीज कोणी फिरकत नसे. बॉनेट उघडलं की माणसं कुठून येतात कळत नाही.

पहिले आले शेजारचे दिलीपजी माथुर. जयपूरचे, सरकारी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी इंजिनाकडं किल्ला पाहावा तसं पाहिलं.

“तायडेजी, मतलब, कचरा है. टंकी में कचरा है.”

“टंकी काल साफ केली.”

“तो फिर साफ करने से कचरा उठ गया होगा.”

समोरचे सदाशिवराव आले. विमा कंपनीत मोठे अधिकारी होते, मूळचे साताऱ्याचे. त्यांचा स्वभाव असा की कुठलीही वस्तू पाहिली की आधी तिचं वय विचारायचे.

“तायडेसाहेब, तीस वर्षं म्हणजे पॉलिसी मॅच्युअर झाली. आता क्लेम करून मोकळं व्हा.”

“माणसं सत्तरीला चालतात, सदाशिवराव. तुम्ही चालताच ना?”

“मी कुठं कानोत्यापर्यंत चालतो? मी कोपऱ्यापर्यंत जातो आणि परत येतो. तुमची गाडीही तेच करते, उगाच दोष देता तिला.”

त्यांच्या पत्नी अलकाताई गॅलरीतून म्हणाल्या, “भाऊ, लिंबू-मिरची बांधा.”

“ताई, माझा त्यावर विश्वास नाई.”

“तुमचा नसेल हो. गाडीचा असेल!”

दिलीपजींचं आणि सदाशिवरावांचं मग फिल्टर या विषयावर भांडण झालं. दोघांनीही आयुष्यात फिल्टर पाहिला नव्हता, त्यामुळं ते दीड तास चाललं. भीमरावांनी तीनदा चहा केला. त्या दिवशी त्यांच्या घरात जितके शब्द बोलले गेले, तितके त्याआधीच्या महिन्यात बोलले गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी करण्यासारखं काही काम नसतानाही त्यांनी बॉनेट उघडून ठेवलं. याचा उल्लेख करायला नको होता, पण झाला तो झाला.

दिलीपजींच्या आग्रहानं गाडी चौकातल्या गौरांगच्या गॅरेजात गेली. गौरांग चाळिशीचा, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्याच्याकडं पाटीएवढं यंत्र होतं, ते गाडीला जोडलं की गाडी स्वतःच आपला रोग सांगते म्हणे.

“अंकल, इसका पोर्ट किधर है?”

“कसला पोर्ट?”

“जिसमें ये लगता है.”

तो अर्धा तास डॅशबोर्डखाली डोकं घालून होता. बाहेर आला तेव्हा शर्टाची इस्त्री गेली होती आणि हातात एक काळा केसांचा आकडा होता. “पोर्ट तो नहीं मिला. ये मिला.”

भीमरावांनी आकडा घेतला, रुमालात गुंडाळला आणि खिशात ठेवला. मग उगाचच बॉनेटला हात लावून गाडी किती तापलीय ते पाहिलं. गाडी सकाळपासून बंदच होती.

“अंकल, ये गाड़ी कंप्यूटर से बात नहीं करती,” गौरांग म्हणाला.

“माझ्याशीही करत नाई,” भीमराव म्हणाले.

तरी गौरांग गुणी माणूस. त्यानं मागची लाइन सोडवून डिझेलचा डबा थेट इंजिनाला लावला. गाडी दुपारभर उभ्या जागी फुरफुरत राहिली, एकदाही बंद पडली नाही. त्यानं कागदावर लिहिलं: ‘ओके.’ लाइन परत जोडली. रविवारी गाडी पेरूवालीसमोर बंद पडली.

“आज तो टाइम पे आए,” ती म्हणाली.

आता भीमरावांनी शेडची पद्धत काढली. एका कागदावर संशयितांची यादी केली आणि एकेकाला पकडायला सुरुवात केली. फिल्टर नवा टाकला. टाकी उतरवून उन्हात वाळवली. लाइन फुंकून पाहिली, डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा पडदा बदलला. इंजेक्टर काढून फवारा तपासला. तो अत्तरदाणीसारखा सुरेख होता. शेवटी उरला मुख्य पंप. तो त्यांनी उतरवला, भीमाबाईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधला आणि मांडीवर घेऊन सिटी बसनं विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात निघाले.

शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, “बाबा, क्या है?”

“पंप.”

“तबीयत खराब है?”

“तेच पाहायला नेतो आहे.”

विश्वकर्मात एक म्हातारे उस्ताद होते. त्यांच्याकडं पंप तपासायची मोठी बेंच होती. त्यांनी पंप चढवला, फिरवला, काचेच्या नळ्यांत पडणारं डिझेल पाहिलं. दोघंही म्हातारे त्या चार नळ्यांपुढं मान वाकवून बसले. चारही नळ्यांत डिझेल एका रेषेत होतं.

“भाईसाहब, किसने बाँधा है ये पंप?”

“मैंने.”

उस्तादांनी चष्मा काढला. “इससे अच्छा तो मैं भी नहीं बाँधता. इसमें कोई बीमारी नहीं. ले जाइए.”

आयुष्यात इतकं मोठं कौतुक ऐकून इतकं वाईट भीमरावांना कधी वाटलं नव्हतं. येताना त्यांनी पंप मांडीवर घेतला नाही, शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवला. यादीतलं शेवटचं नाव खोडलं गेलं होतं. सगळे संशयित निर्दोष सुटले होते, आणि खून तर दर रविवारी होत होता.

इकडं मार्च उजाडला. तपासणी केंद्र शहराबाहेर, वीस किलोमीटरवर. गाडीची मजल बाराची. भीमराव केंद्रावर रिक्षानं गेले आणि खिडकीत म्हणाले, दुरुस्ती चालू आहे, तारीख पुढची द्या.

खिडकीतला माणूस सभ्य होता. “मिल जाएगी बाबूजी. गाड़ी लाए हैं?”

“गाडी येत नाही, म्हणून तर तारीख मागतो आहे.”

“तारीख बढ़ाने के लिए गाड़ी की फोटो लगती है. यहीं, गेट पर खींची हुई.”

“गाडी गेटपर्यंत आली असती तर तारीख कशाला वाढवली असती?”

त्या माणसानं थोडा विचार केला. त्याला मुद्दा पटलेला दिसला. “बात तो सही है,” तो म्हणाला. “लेकिन फोटो लगती है.”

त्या संध्याकाळी संकल्पचा फोन आला. रविवार नसताना आला, म्हणजे सदाशिवरावांनी बातमी पोचवली होती.

“बाबा, ऐकलं मी. मी अठ्ठावीस तारखेचं तिकीट काढतो. येऊन सामान आवरू आपण.”

“अजून सतरा दिवस आहेत.”

“बाबा, तुम्ही हरलात असं कोणी म्हणत नाहीये.”

असं कोणी म्हणत नाही हे मुद्दाम सांगावं लागतं, तेव्हा सगळे तेच म्हणत असतात. भीमरावांनी गोळी घेतल्याचं सांगितलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर बॉनेट उघडलं तरी गल्ली जमेनाशी झाली. सल्ले संपले होते. दिलीपजी लांबूनच हात करत. सदाशिवराव एकदाच आले आणि हळूच म्हणाले, “तुमची ती मोठी पितळी घागर विकणार असाल तर आधी आम्हाला सांगा.” ते वाईट मनानं म्हणाले नव्हते. पण माणूस उठून जाण्याआधीच त्याच्या खुर्चीवर कोणी रुमाल टाकून ठेवावा, तसं भीमरावांना झालं.

पुढच्या रविवारी ते निघाले, ते दुरुस्तीसाठी नव्हे. एकदा कानोत्याचा बांध पाहून यायचा, गाडीचा आणि आपलाही निरोप घ्यायचा, एवढंच. डब्यात भाकरी आणि ठेचा घेतला. मागच्या सीटखाली भीमाबाईची वेताची काडी पडलेली होती. ती फेकायला म्हणून त्यांनी कितीदा तरी उचलली होती आणि परत ठेवली होती.

या काडीचं सांगायला हवं. गाडीचा डिझेलचा काटा पहिल्या दिवसापासून मेलेला. भीमरावांना अंदाजावर फार भरवसा. त्या भरवशावर एकदा बस्सीच्या पुढं भर उन्हात डिझेल संपलं, आणि भीमाबाई लहानग्या भाचीला घेऊन दोन तास मैलाच्या दगडावर बसली. घरी आल्यावर तिनं वेताची एक काडी मिळवली, तिच्यावर विळीनं खुणा केल्या आणि नव्यानं शिकलेली अक्षरं कोरली: का, ब, दौ. म्हणजे कानोता, बस्सी, दौसा. इतकी ओली झाली तर इथवर जाऊन परत येता येईल. त्यानंतर कुठंही निघालं की शहराबाहेरचा बोगदा ओलांडल्यावर गोपीनाथच्या चहाच्या टपरीवर गाडी थांबवायची, टाकीचं झाकण उघडायचं, काडी घालून पाहायची. परतीला पुन्हा तेच. लोक बघायचे. भीमरावांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चौतीस वर्षं पंप सेक्शनला काढलेल्या माणसाच्या गाडीत बायको काडी घालून पाहते! त्यामुळं ती गेल्यावर त्यांनी टाकी काठोकाठ भरायला सुरुवात केली. काडी नको, थांबणं नको, आणि गोपीनाथच्या टपरीवरून गाडी जोरात काढायची. का, तर वेळ वाचतो. सत्तरीच्या माणसाला वाचवलेला वेळ कुठं ठेवायचा असतो, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

खरं कारण वेगळं होतं. गोपीनाथ विचारील, “माताजी नहीं आईं?” आणि मग सांगावं लागेल.

त्या रविवारी टपरीजवळ रस्त्याचं काम निघालेलं होतं, वाहतूक अडलेली. गाडी नेमकी टपरीसमोर आली आणि गचके देऊन बंद पडली. या खेपेला पेरूवालीपर्यंतसुद्धा नाही. लोकांनी ढकलून ती कडेला घेतली. गोपीनाथनं पातेल्यावरून मान वर केली.

“अरे बाबूजी! डेढ़ साल बाद! माताजी नहीं आईं?”

भीमरावांनी सांगितलं. दोनच शब्द लागले. गोपीनाथनं गॅस बारीक केला. मग त्यानं कप धुतला, चहा गाळला आणि बाकावर त्यांच्या शेजारी येऊन बसला.

“गाड़ी को क्या हुआ?”

“डिझेल येत नाही. सगळं तपासलं.”

“पहले तो यहाँ कभी बंद नहीं हुई.” गोपीनाथ गाडीकडं पाहत म्हणाला. “माताजी उतरती थीं, आप उधर मुँह करके खड़े हो जाते थे, जैसे उनके साथ हो ही नहीं.” तो हसला. “वो ढक्कन खोलतीं, गाड़ी ऐसे करती...” आणि त्यानं ओठ मिटून लांब श्वास आत ओढला. “फिर काड़ी डालतीं, फिर कहतीं, दो चाय, एक में शक्कर नहीं.”

भीमरावांचा कप ओठाशीच थांबला.

“कैसे करती?”

“ऐसे.” गोपीनाथनं पुन्हा श्वास ओढून दाखवला. “बहुत दिन की प्यासी हो जैसे. मैं तो सोचता था सब गाड़ियाँ ऐसा करती हैं.”

भीमराव उठले. गाडीच्या मागच्या बाजूला गेले. झाकण त्यांचंच होतं, त्यांनीच केलेलं. अकरा वर्षांपूर्वी मूळचं झाकण बाजारातून चोरीला गेलं, तेव्हा लेथवर स्वतः उभं राहून त्यांनी हे पितळेचं झाकण कातलं होतं, आत इंजिनाचं असतं तसं रबर बसवलं होतं. थेंब बाहेर येणार नाही की हवा आत जाणार नाही. रेल्वेच्या इंजिनाच्या टाकीला हवा घ्यायला वेगळी नळी असते, म्हणून तिचं झाकण असंच गच्च करतात. मोटारीच्या टाकीला ती नळी नसते. तिच्या झाकणालाच बारीक भोक असतं.

भीमरावांनी झाकण फिरवलं. गाडीनं लांब, खोल श्वास आत ओढला. रस्त्याच्या कामावरच्या दोन बायकांनी वळून पाहिलं.

मग काही करायचं उरलंच नाही. हाताचा पंप चार वेळा दाबला, डिझेल आलं, इंजिन सुरू झालं. टाकीतून डिझेल जात होतं आणि त्या जागी हवा येत नव्हती. दहा-बारा किलोमीटरवर टाकी आतून इतकी आवळली जायची की पंपाला थेंब ओढता येत नसे. काठोकाठ भरलेली टाकी तर लवकरच आवळायची. अर्धा तास थांबलं की कुठून तरी झिरपून हवा शिरायची. गौरांगच्या डब्याला झाकणच नव्हतं. विश्वकर्मात पंप एकटाच गेला होता. संशयितांच्या यादीत झाकणाचं नाव कधी आलंच नाही, कारण ते झाकण भीमराव तायडेंनी स्वतः केलं होतं. आणि अकरा वर्षं हा रोग कोणाला दिसला नाही, कारण तो दिसायच्या आत, प्रत्येक खेपेला, एक बाई गाडी थांबवून झाकण उघडत होती.

“इसमें छेद करवा लो बाबूजी,” गोपीनाथ म्हणाला. “आधे मिनट का काम है.”

“हाव,” भीमराव म्हणाले. कानोत्याला न जाता ते घरी आले.

घरी त्यांनी वही काढली. मागं मागं जात राहिले. अकरा वर्षांपूर्वीच्या पानावर ते अक्षर सापडलं, मोठं, वाकडं, प्रत्येक काना रेघेबाहेर गेलेला.

‘झाकन उघडले की गाडी सुस्कारा टाकते. भीमाबाई.’

खाली त्यांचं अक्षर: ‘तपासले, ठीक आढळले. भीमराव.’

दोन महिन्यांनी: ‘गाडी आजही सुस्कारा टाकते.’ ‘तपासले, ठीक आढळले.’

त्याच्याही पुढं: ‘सुस्कारा मोठा झाला.’ ‘तपासले, ठीक आढळले.’

आणि चौथ्यांदा, जास्त दाबून लिहिलेलं: ‘गाडी काऊन सुस्कारा टाकते ते एकदा पाहावे. भीमाबाई.’ त्याखाली: ‘तपासले, ठीक आढळले. हीच तक्रार पुन्हा लिहू नये. भीमराव.’

त्यांनी एकदाही तपासलं नव्हतं. गाडी सुस्कारा टाकते ही तक्रार त्यांना बायकी वाटली होती. नंतर तिनं लिहिलं नाही. नुसतं थांबवत राहिली, उघडत राहिली.

वहीतल्या बाकी सगळ्या तक्रारींच्या शेवटच्या रकान्यात तिची सही होती, चालवणाऱ्याला ठीक ठरवलेल्या तक्रारीलासुद्धा. या चार ओळींसमोर तो रकाना कोरा होता. तिनं सही केली नव्हती.

भीमराव उठले. मग हाताचं ड्रिल आणलं, झाकण शिकंज्यात धरलं, मधोमध ठोकून खूण केली. ड्रिल टेकवलं. आणि परत काढून ठेवलं.

सव्वीस मार्चला अँबॅसेडर तपासणी केंद्राच्या गेटवर स्वतःच्या चाकांवर पोचली. वाटेत दहा किलोमीटरवर झाकण उघडायला एकदा थांबली होती. अधिकाऱ्यानं ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, धूर पाहिला. धूर पाहून तर त्यानं भुवया वर केल्या. उस्तादांनी वाखाणलेला पंप होता तो. मग त्यानं मेलेल्या काट्यावर बोट ठेवलं.

“डीज़ल कितना है, कैसे पता चलता है?”

भीमरावांनी मागच्या सीटखालून काडी काढली, झाकण उघडलं, काडी टाकीत घातली आणि ओली खूण दाखवली.

“ये ‘ब’ क्या है?”

“बस्सी.”

अधिकारी जोरात हसला, त्यानं मागच्या टेबलावरच्या माणसाला बोलावून काडी दाखवली. त्या दोघांनी ती आळीपाळीनं हातात घेतली. भीमराव या खेपेला दुसरीकडं तोंड करून उभे राहिले नाहीत. डिझेलचा काटा तपासणीच्या यादीत नव्हता. गाडी पास झाली.

गल्लीत सदाशिवरावांनी अभिनंदन केलं, घागरीचा विषय काढला नाही. अलकाताईंनी गॅलरीतून विचारलं, “भाऊ, लिंबू बांधलं होतं ना?” दिलीपजी म्हणाले, “मैंने कहा था, कचरा है.”

संध्याकाळी संकल्पचा फोन आला.

“पास झाली बाबा? खरंच? मी तिकीट रद्द करतो.” मग तो म्हणाला, “झालं काय होतं पण? आता तर सगळं ठीक आहे ना?”

भीमरावांच्या पुढ्यात वही उघडी होती. चारही ठिकाणी ‘ठीक आढळले’ त्यांनी एका रेघेनं खोडलं होतं आणि वर लिहिलं होतं: ‘तक्रार बरोबर होती. भीमराव.’ त्यापुढचा रकाना कोराच होता.

“गाडी ठीक आहे,” ते म्हणाले. “एक तक्रार उघडी राहिली आहे.”

“कोणाची?”

“तुझ्या आईची.”

 पलीकडं सोनम काहीतरी विचारत होती, संकल्पनं तिला थांबवलं.

“मग आता काय करणार, बाबा?”

“काय करायचं? भोक पाडलं की आधा मिनटात दुरुस्त होते,” भीमराव म्हणाले. “पण दुरुस्ती पाहून सही करायला माणूस लागते ना. तोवर थांबत थांबत जाऊ.”

“बरं,” संकल्प म्हणाला. आणि त्या दिवशी त्यानं गोळीचं विचारलं नाही.